सुमनअक्काचं भ्याव

सुमनअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कोणी काही केलं का तिला?" पलीकडे तिच्या शाळेतल्या बाई होत्या. त्या गोंधळल्या. "अहो, झोपेतच हार्ट अटॅक आला..." म्हणाल्या. मी भिंतीला टेकून खाली बसले. दुःख नंतर आलं. आधी आलं ते इतक्या वर्षांचं भय, आणि मग, सांगायला बरं वाटत नाही, पण थोडा सुटकेचा श्वास.

आमची ओळख जळगावच्या कॉलेजात झाली. मी पाचोऱ्याची, नुकती बारावी झालेली. ती माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून वर्गात सगळ्यांची अक्का. नवरा वारल्यावर शिरपूरकडच्या सासरी तिचं लग्न धाकट्या दिराशी लावायचं ठरलं. तिनं नाही म्हटलं, मार खाल्ला आणि एका पहाटे नेसत्या साडीनिशी नशिराबादला मावशीकडे निघून आली. मावशीनंच तिला कॉलेजात घातलं, हॉस्टेलवर ठेवलं. आम्ही दोघी 'कमवा व शिका' योजनेत होतो. तास संपले की वाचनालयात पुस्तकं रॅकला लावायची, काउंटर सांभाळायचं. सरकारी मानधन थेट खात्यात यायचं. त्यावरच तिची फी आणि खानावळ चालायची. दुपारी वाचनालय रिकामं असलं तरी ती दाराकडे पाठ करून कधी बसली नाही.

दुसऱ्या वर्षी योजनेत राहायला उत्पन्नाचा नवा दाखला लागणार होता. तिचं रेशनकार्ड सासरचं, म्हणजे दाखला शिरपूरच्या तहसीलमधूनच. "माले भ्याव वाटस, तू येशी का?" तिनं विचारलं. बसमध्ये तिनं स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला होता आणि माझं मनगट घट्ट धरलं होतं. रांगेत तिचं नाव मोठ्यानं पुकारलं गेलं. दाखला मिळाला. पण मागच्या बाकावरून एक बाई उठून आमच्याकडे बघत बाहेर गेली, ते आम्ही दोघींनीही पाहिलं. सासरच्या गल्लीतलीच ती, असं अक्का परतताना म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात दीर वाचनालयात आला. उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज अगदी मऊ. त्या मऊपणाचीच मला धडकी भरली. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "वहिनी, घरना बठ्ठा वाट दखी ऱ्हायनात. चाल." घरचे सगळे वाट बघत होते म्हणे. मला वाटलं, ती आतल्या खोलीत पळेल. ती उठली. हातातली पुस्तकं तिनं खाली ठेवली आणि वर्गात बोलतो तशा मराठीत म्हणाली, "ओळखपत्राशिवाय आत येता येत नाही. आणि इथं बोलायचं नसतं." तो हसला. "कितला दिन लपशी?" तोवर आतून ग्रंथपाल सर आले आणि बागेत काम करणारी योजनेतली मुलं हातातली खुरपी तशीच घेऊन दारात उभी राहिली. तो सावकाश निघून गेला. अक्का मग दाराकडे तोंड करून पुन्हा पुस्तकं लावायला लागली.

त्यानंतर तो फाटकासमोर मोटारसायकलवर बसलेला दिसायचा. काही बोलायचा नाही. सरांनी पोलिसांत कळवलं. आम्ही सगळी मुलं-मुली घोळक्यानं तिला हॉस्टेलपर्यंत सोडायचो. एक दिवस तो दिसेनासा झाला. आम्ही खूश झालो, पण अक्का आणखीच खचली. "समोर व्हता तव्हय कोठे शे ते तरी समजे," म्हणाली.

तो पुन्हा कधीच आला नाही. अक्का शिकली, ग्रंथालयाचा कोर्स करून धुळ्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल झाली. पुन्हा लग्न केलं नाही. मुलांमध्ये खळखळून हसायची. मला वाटायचं, सुटली ती त्यातून...

मी धुळ्याला पोचले तेव्हा तिला नेलं होतं. तिची ती एकच खोली. दाराला आतून कडी, तिच्यावर खिट्टी, त्यावर साखळी, आणि कोपऱ्यात दाराला आडवा लावायचा लाकडी दांडा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. दार सताड उघडं होतं; सकाळी खिडकीचा गज कापून शेजाऱ्यांनी ते आतून काढलं होतं. शेजारच्या बाया चहा घेऊन येत होत्या, शाळेतली मुलं चपला काढून आत डोकावत होती, कोणीही यावं, कोणीही जावं. मग मला राहवेना. उठले, सगळ्यांच्या देखत दार लावलं, आणि कडी घातली.