पोटाचा शेक

धाकट्या बहिणीने पोटाची चरबी काढून घ्यायची ठरवली ती एका हळदीकुंकवाला. वाण देता देता कुणी तरी तिला विचारलं, "तिसरी गोड बातमी का?" दोन सिझेरियननंतर तिचं पोट सुटलं होतं, इतकंच. ती तिथे हसली आणि घरी येऊन मला फोनवर रडली. मी म्हटलं, विचारणारीच्या तोंडाचं ऑपरेशन कर, स्वस्तात होईल. तिला हसू आलं नाही.

ती नांदेडला, मी लातूरला शाळेत शिकवते. डॉक्टरांकडे तिच्यासोबत मी गेले, कारण मला त्या प्रकाराची भीतीच वाटत होती. डॉक्टर भला माणूस होता. त्याने काही लपवलं नाही. हे वजन कमी करायचं ऑपरेशन नव्हे, म्हणाला. कातडीखालची चरबी नळीने ओढून काढतात, सैल कातडी तशीच राहू शकते. सूज उतरायला महिने लागतात. पोटावरचा दाबपट्टा तो सांगेपर्यंत काढायचा नाही. धाप लागली किंवा पायाची पोटरी सुजली, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि पोट बरेच आठवडे बधिर राहील, म्हणून तिथे गरम काही लावायचं नाही. बहिणीने एकच विचारलं, "ड्रेस कधीपासून घालता येईल?"

ऑपरेशन नीट पार पडलं. आईला मात्र तिने हर्निया सांगितलं. मी म्हटलं, खरं सांग, आई चार शिव्या देईल आणि गप्प बसेल. "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. आईला कळलं की गावाला कळणार, गावाला कळलं की सासरी. तिचं घर, तिचं पोट. मी लातूरला परत आले.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉल केला तर तिच्या मागे धूर दिसला. आई अहमदपूरजवळच्या आमच्या गावाहून येऊन थडकली होती, शेगडी, कोळसे आणि ओव्याची पुरचुंडी घेऊन. आमच्याकडे पोट उघडलं की बाई बाळंतीणच. मग कारण काही का असेना, तिला शेगडीवर तापवलेल्या फडक्याने शेक द्यायचा आणि पोट बांधायचं. आईने आम्हा दोघींची चारही बाळंतपणं तशीच काढली होती.

"शेक घेऊन राहिलीस का तू?" मी ओरडले. "पट्टा कुठाय?"

"मायनं काढला. थोडा वेळच. काही होत नाही गं, लागतसुद्धा नाही."

लागतसुद्धा नाही! तिला मी आईकडे फोन दे म्हणाले, तर तिने कॉल कापला. पुन्हा लावला, उचलला नाही. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि तेच तिला द्यायचं नव्हतं. मी मिळेल ती एसटी धरली. लोह्याच्या पुढे रस्ता सरेना. विष्णुपुरी गेली, तोवर मी देवाला काय काय कबूल केलं होतं ते आता सांगत नाही.

घरात ओव्याचा वास भरला होता. बहीण पलंगावर आडवी, चेहरा शांत. तिचं पोट बघून मी तोंडावर हात ठेवला. बेंबीखाली कातडी पांढरी पडली होती, कडेने फोड आणि मधे एक काळसर चट्टा. तिला काहीच दुखत नव्हतं. याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त धसका बसला.

दवाखान्यात डॉक्टरांनी चट्ट्यावर सुईचं टोक टेकवलं. "कळतंय?" नाही. बाजूला टेकवलं. तिथेही नाही. खोलवर भाजलंय, ते म्हणाले, मधली कातडी मेली आहे, ती काढावी लागेल, कदाचित मांडीची लावावी लागेल. आई दाराशी पदराचं टोक पिळत उभी होती. तिने विचारलं, "हर्नियात असं होतंय का, डाक्टर?"

डॉक्टर बहिणीकडे बघत राहिले. ते तिनेच सांगायला हवं होतं.

"हर्निया नव्हता, माय. चरबी काढून घेतली. तिथलं मला काही कळत नाही."

आई तिला बोलेल म्हणून मी मधे सरकले. पण आईचा राग कुठेच नव्हता. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"दर बारीला मी पुसत होते, लई गरम हाय का म्हून," ती म्हणाली. "तू न्हाई म्हनायचीस. मला वाटलं, शेक लागंना. म्हून मी फडकं अजून तापवत गेले."