बाजेखालचा गोडलिंब

टायफॉइडनंतर मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, जेवण अर्ध्या पोळीवर आलं होतं. ताप जाऊन तीन आठवडे झाले तरी पायजम्याची नाडी दर चार दिवसांनी आणखी आवळावी लागे. डॉक्टर म्हणाले, औषधं संपली, आता खातील तर उठतील.

मला स्वस्थ बसवेना. वाचायला घेतलं. कोथिंबीर, पुदिना, ओव्याची पानं आणि आमच्याकडे गोडलिंब म्हणतात तो कढीपत्ता, सगळ्यांत अँटिऑक्सिडंट, पेशींची झीज रोखणारी द्रव्यं. फ्रिजवर यादी चिकटवली, वारानुसार पाला.

पिपरी मेघेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर एप्रिलचं ऊन. कुरड्या, पापड, मिरच्या सगळं आपण उन्हालाच सोपवतो. गोडलिंबही सोपवला. दुपारपर्यंत कुरकुरीत. त्याची पूड वरणात, भाजीत, ताकात टाकू लागले. मामाजी घास बुडवायचे आणि तसाच ताटाच्या कडेला ठेवायचे. मी पुडीचा चमचा वाढवला. अर्ध्या पोळीची पाव झाली.

पाचव्या दिवशी त्यांनी वाटी सरकवली. आष्टीच्या बाजारात जन्मभर स्वतःच्या वाडीतला भाजीपाला विकलेला माणूस. त्यांनी पुडीचा डबा मागितला, चिमूटभर तळहातावर घेऊन हुंगली.

"बाई, हा भुसा आहे. पाला उन्हात टाकला काऊन?"

त्यात काय काय असतं ते मी भराभर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"असन. पण वासच उडाला, त बाकीचं थांबलं असन काय?"

पूड तपकिरी झाली होती आणि मी ती एकदाही चाखली नव्हती.

मग त्यांच्या सांगण्यावरून नवा पाला धुऊन, निथळून त्यांच्याच खोलीत बाजेखाली जुन्या धोतरावर पसरला. पंखा लावू का विचारलं, तर नको म्हणाले. मी तासातासाला डोकावत होते. ते पडल्या पडल्या हात खाली सोडून पानं उलटवत. तिसऱ्या दिवशी पानं चुरण्याइतकी वाळली, तरी हिरवी होती.

शिजवायची नाहीत, असं बजावून त्यांनी ती गार ताकावर चुरायला लावली. अर्धी पोळी संपली. मी उभीच. त्यांनी उरलेली अर्धी ओढली, तसा मी घाईने तवा चढवला.

"बस बरं एका जागी," ते म्हणाले. "तुयाकडे पाहून घास उतरत नाई."