प्लॅन बी घेऊन घोडपदेवला

गेली दोन वर्षं बाबा म्हणायचे, "बाळाकडे जाऊया," आणि मी म्हणायचे, "जाऊया ना." मग कधी माझं ऑफिस आडवं यायचं, कधी लेकीची परीक्षा. त्याऐवजी मी त्यांना मॉलमध्ये नेलं, एकदा लोणावळ्याला. याला मी ऐटीत 'प्लॅन बी' म्हणायचे.

बाळाकाका म्हणजे बाबांचे गिरणीतले दोस्त. साचाखात्यात दोघांनी शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं कापड विणलं. गिरणी गेली, बाबा माझ्याकडे पनवेलला आले, काका घोडपदेवच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहिले. गेली दोन वर्षं ते आजारीच, त्यात नीट ऐकू येत नाही, त्यामुळे फोनही नाही.

अखेर परवाच्या रविवारी निघालो. सागरी सेतूचा टोल एका बाजूने अडीचशे, पण शिवडीला अर्ध्या तासात उतरतो. आधी लालबागच्या चिवडा गल्लीत थांबलो. बाबांनी चाखून दुकानदाराला बजावलं, "तिखट वाढव. खाणारो मालवणचो हा."

घोडपदेवच्या गल्ल्यांत गाडी घालू नका. आम्ही कॉटन ग्रीनला गोदामांपाशी लावली आणि टॅक्सी केली.

"जिना नाही जमला तर प्लॅन बी आहे," मी म्हटलं. "शिवाजी पार्कला कट्ट्यावर बसू, दादरला पीयूष पिऊ."

"आधी पयलो तरी करून बघ," बाबा म्हणाले.

लाकडी जिना, चांगलाच उभा. पाचव्या पायरीवर बाबा गुडघा धरून बसले. मी लगेच म्हटलं, "राहू दे बाबा, दादरला जाऊ." खरं सांगते, मला हायसं वाटलं होतं. आजारी माणसासमोर काय बोलायचं ते मला कधीच कळत नाही. दोन वर्षं आडवं आलं ते हेच होतं.

वरून एका बाईने विचारलं, "कोणाकडे?" मी काकांचं नाव सांगितलं.

"मग तिथे काय बसलात? ए, खुर्ची काढा रे!"

म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला चाळीने एक खुर्ची ठेवली आहे, दोन्ही बाजूंना बांबू बांधलेली. चौघे बनियनवरच आले. "आजोबा, हात आत घ्या," म्हणत त्यांनी बाबांना तीन मजले वर नेलं. मी चिवड्याची पिशवी घेऊन मागून चढले.

दारात काकांची सून, वैशालीवहिनी, बाबांना बघून रडायलाच लागली. "दिवाळीपर्यंत रोज विचारायचे हो, सदा कधी येणार म्हणून. आता माणसंच ओळखत नाहीत."

काकांनी बाबांकडे बराच वेळ पाहिलं. "कोण रे तू?"

बाबा त्यांच्या कानाशी वाकले. "सदा."

काकांनी मान हलवली. "तू न्हय. सदा येतलो आता. बस हंय."

"बरा," बाबा म्हणाले. "बसतंय."

दोघे दोन तास दाराकडे बघत, चिवडा खात बसले. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

कोणी जाणार असाल तर रविवारी सकाळी जा, रस्ते मोकळे असतात. आणि पहिला बेत मनापासून करून फसला, तरच उरतो तो प्लॅन बी. मी मात्र पहिला बेत टाळायलाच प्लॅन बी वापरत आले.

घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. चपला काढून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "येत्या ऐतवारी परत जाऊक व्हया. सदा अजून इलो नाय. बाळा एकटोच वाट बघता हा."