भागुजीची न सुटलेली शाळा

मी गेणू, मिशनच्या शाळेचा शिपाई. एकवीस वर्सं तिथली घंटा मी वाजवली. आठ म्हंजे आठ, मिनिटभर इकडं न्हाई की तिकडं न्हाई. पोरं माझ्यावर चिडायची, मास्तर चिडायचे, आन मी त्या समद्यांपेक्षा जास्त चिडायचो. पण ही गोष्ट माझी न्हाई. भागुजी होडीवाल्याची हाय.

येडगावच्या धरणाच्या पल्याडची आठ पोरं तो रोज सकाळी होडीतनं आणायचा. हडकुळा माणूस, बोलणं कमी. वल्हं मारता मारता मधीच थांबायचा आन पाण्यात बघत बसायचा. पोरांनी कालवा केला की मग होडी हलायची. एकदा मी वैतागून म्हणलो, "भागुजी, तुझं ध्यान असतं तरी कुठं राव?"

"खाली माझी शाळा हाय, गेणूभाऊ," तो म्हणला.

आन खरंच व्हती. धरण भरलं त्या साली तो तिसरीत व्हता. भर दुपारी पाणी शाळेच्या पायरीला लागलं, तसं मास्तरांनी पोरं उठवली आन टेकाडावर नेली. त्या गडबडीत सुट्टीची घंटा द्यायची राहूनच गेली. पुढं भागुजीला दुसरी शाळा घावली न्हाई, तो बापाबरोबर जाळी टाकायला लागला. "आमची शाळा सुटलीच न्हाई," तो हसून सांगायचा, "मी अजून तिसरीतच हाय." उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या शाळेचं दगडी जोतं वर यायचं आन त्यावर बगळे येऊन बसायचे. त्यांच्याकडं बोट करून म्हणायचा, "बघ, हजेरी चालू हाय." हसायचा खरा, पण मला त्याचं वाईट वाटायचं.

त्या आठांतलीच एक त्याची एकुलती पोरगी, यशोधरा. शाळा सातवीपर्यंतची, आन तिथं एक रीत व्हती. एप्रिलात बक्षीस समारंभ झाला की वर्साची शेवटची घंटा शिपायानं वाजवायची न्हाई. पहिलीपासनं सातवीपर्यंत जे पोरगं एकदाबी घंटेनंतर आलं न्हाई, त्यानं ती वाजवायची. चार-चार वर्सं असं पोरगं निघायचं न्हाई. यशोधराची सहा वर्सं उशिराच्या लाल शेऱ्याविना कोरी गेली, सातवं लागलं, तसं भागुजीनं समद्या वस्तीला सांगून ठेवलं, यंदाची शेवटची घंटा पोरीच्या हातची. अंगात ताप असला तरी होडी काढायचा. मला म्हणायचा, "पोरीच्या हातची घंटा एकदा ऐकली की झालं. मग मला काय नको."

आता जानेवारीतली ती सकाळ. धुकं असं दाटलं की चॅपलचा क्रूस दिसंना, धरण तर पुसूनच टाकलेलं. पावणेआठला मी घंटेखाली उभा व्हतो आन पाण्यावरनं पोरांचा आवाज यायला लागला. एकदा डाव्या अंगानं, एकदा उजव्या अंगानं, मग लांब गेला. भागुजीला काठ सापडत नव्हता. मी काय विचार केला न्हाई, दोरी धरली आन घंटा बडवत सुटलो. उभ्या जन्मात पहिल्यांदा वेळेआधी. खांदे भरून आले तरी थांबलो न्हाई. शेवटी धुक्यातनं होडीचं नाक दिसलं, मागनं भागुजी, डोळे मिटलेला. नुसत्या कानानं होडी आणली गड्यानं. घड्याळात आठला पाच कमी व्हते. मला लई बरं वाटलं, आन मी ती गोष्ट विसरून गेलो.

समारंभाच्या आदल्या दिवशी यशोधरा माझ्याजवळ आली. म्हणली, "गेणूमामा, घंटा मी न्हाई वाजवणार. हजेरीत एक लाल शेरा हाय. आबांना सांगू नका."

तारीख विचारली तर सांगंना. मी ऑफिसात जाऊन हजेरीवही उघडली. जानेवारीतली तीच सकाळ. मास्तरांनी माझी घंटाच आठाची धरली; घंटा झाल्यावर वर्गात आली, म्हणून लाल शेरा. गावातली पोरं आधीच आवारात व्हती, म्हणून फक्त होडीतल्या आठच्या आठ पोरांना. म्हंजे ज्या घंटेनं होडी काठाला आणली, तिनंच पोरीची सात वर्सं बुडवली, आन ती घंटा माझ्या हातची. पोरीला ठाऊक व्हतं, पण माझं नाव तिनं घेतलं न्हाई. मला स्वतःचीच लाज वाटली.

मी तडक मोठ्या बाईंकडं, सिस्टर फिलोमिनांकडं गेलो, समदं सांगितलं. त्यांनी वहीतल्या त्या शेऱ्यांवरनं बोट फिरवलं. मग म्हणल्या, "गेणू, शाईनं लिहिलंय. घंटेनंतर म्हणजे घंटेनंतर. यंदा घंटा तूच वाजव."

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली मांडव. पहिल्या रांगेत भागुजी, इस्त्रीचा सदरा घालून. सिस्टर दिसल्या तसा "जय भीम" म्हणला, त्याबी हात जोडून "जय भीम" म्हणल्या. यशोधराला भूगोलात पहिलं बक्षीस मिळालं, त्यानं टाळ्या वाजवल्या, पण नजर घंटेवरच. शेवटी सिस्टर म्हणल्या, "यंदाची घंटा गेणूमामा वाजवतील."

भागुजी पोरीकडं बघतच राहिला. पोरीनं मान खाली घातली. मी दोरी धरली, आन सोडून दिली.

मी म्हणलो, "सिस्टर, मी न्हाई वाजवणार. ह्या आठ पोरांना लाल शेरा लागला त्या दिवशी घंटा मी पाव तास आधी वाजवली, होडी हरवली म्हणून. पोरांचा नियम मोडा असं मी म्हणत न्हाई. पण हा माणूस धुक्यात डोळे मिटून ह्या घंटेवर आला. आन त्याची शाळा पंचवीस वर्सं झाली, अजून सुटली न्हाई. त्याला वाजवू द्या."

सिस्टरांनी हातातला कागद खाली ठेवला, चष्मा पुसला, आन भागुजीकडं बघून मान हलवली.

तो उठला. दोरी धरायच्या आधी त्यानं हात सदऱ्याला पुसले. यशोधराला जवळ बोलावलं, तिचा हात दोरीवर ठेवला, त्यावर आपला. घंटा वाजली. आवाज उतरत उतरत धरणावर गेला, तिकडं जोत्यावरचे बगळे उठले. भागुजी तिकडं बघत हळूच म्हणला, "सुटली." डोळ्यांतनं पाणी वाहत व्हतं, त्यानं पुसलं न्हाई. मीबी न्हाई पुसलं.

मग त्यानं आठ पोरं होडीत घेतली. मी काठावर उभा राहून बघत व्हतो. होडी जोत्याजवळ गेली, जोत्याच्या कडेनं पुढं गेली, आन वल्हं कुठं थांबलं न्हाई.