मु. पो. नैरोबी, जि. आफ्रिका

साऱ्या पृथ्वीला स्वतःचं माहेर समजणारी एकच व्यक्ती मी पाहिली. त्या आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, मीही तिथलाच मास्तर. शाळा लोहा-कंधार रस्त्यावरची, बाई मूळच्या तेलंगण सीमेवरच्या देगलूरकडच्या, त्यामुळे राग आला की ओठातल्या ओठात तेलुगूत दहापर्यंत मोजायच्या. हैदराबादच्या पलीकडे त्यांनी उभ्या जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. पण सकाळच्या बातम्यांत कुठल्याशा बेटावर भूकंप झाल्याचं ऐकलं की मधल्या सुट्टीत त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. "तिथं लेकरं उघड्यावर बसलीत अन् मी हितं भजी खाऊ का?" म्हणायच्या. मी म्हणायचो, "बाई, तुमची भजी तिथवर थोडीच पोचणार आहेत?" आणि त्यांच्या वाटची भजी मी खायचो.

शाळेच्या पृथ्वीगोलाचा दांडा मोडला तेव्हा तो दुरुस्त करायला बाई स्वतः नांदेडला घेऊन गेल्या. धूळ बसू नये म्हणून गोल टॉवेलात गुंडाळून कडेवर घेतलेला. भरल्या एसटीत एका म्हाताऱ्याने उठून त्यांना जागा दिली. कंडक्टर म्हणाला, "ओ बाई, तोंड उघडं ठिवा लेकराचं, गुदमरंल." बाईंनी टॉवेल जरा बाजूला केला, तर आतून निळाशार प्रशांत महासागर निघाला. ही हकिगत त्यांनीच आम्हाला सांगितली, आणि वर म्हणाल्या, "कंडक्टर काय खोटं बोलला न्हाई."

आता माझ्याविषयी सांगायला हवं, म्हणजे फजिती कुणाची झाली ते कळेल. मी लातूरचा, म्हणजे पाठांतरावर माझी जन्मजात श्रद्धा. सहावी ते आठवीच्या मुलांना जागतिक नागरिकत्व शिकवा असं पत्रक आलं, तेव्हा तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला माझीच निवड झाली. प्रमाणपत्र मी लॅमिनेट करून घेतलं. आठवड्याभरात माझी सातवी एका सुरात म्हणू लागली, "जो संपूर्ण जगाचा विचार करतो त्यास जागतिक नागरिक असे म्हणतात." मी कृतार्थ झालो. पुढच्याच तासाला ऊसतोडीहून परतलेल्या एका पोराला त्याच जागतिक नागरिकांनी बाकावर बसू दिलं नाही, हे मला बाईंकडून कळलं. मी तेव्हा वह्यांमधली व्याख्या तपासत होतो.

बाईंनी त्या वर्गाला व्याख्या दिली नाही. दिवाळीनंतर त्यांनी प्रत्येकाला एक पत्र लिहायला लावलं, परदेशातल्या आपल्या वयाच्या मुलाला. "पयलं त्याची खुशाली इचारा, मग आपलं सांगा," एवढीच सूचना. इंग्रजी त्यांनी आणि मुलांनी मिळून कसंबसं जुळवलं. एकेचाळीस पत्रांचं जाडजूड पाकीट झालं आणि त्यावर बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात मराठीत अन् खाली इंग्रजीत पत्ता घातला: सातवीचा वर्ग, मोठी शाळा, मु. पो. नैरोबी, ता. केनिया, जि. आफ्रिका. तो वाचून मी स्टाफरूममध्ये आठ दिवस हशा पिकवला. पत्ता सुधारून द्यावा हे मात्र मला, प्रमाणपत्रधारकाला, सुचलं नाही.

मुलं रोज पोस्टमनची वाट बघू लागली. बाईसुद्धा. मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या, आणि जाण्याआधी एक तरी उत्तर यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. माघ संपला, फाल्गुन आला, पोस्टमन आला की नुसती मान हलवायचा. बाईंचा उतरलेला चेहरा बघवेना, आणि मला दया आली. मूर्खाला दया आली की तो काय करेल सांगता येत नाही. मी घरी बसून नैरोबीच्या बारा वर्षांच्या मुलाचं इंग्रजी पत्र लिहिलं. परदेशी तिकीट कुठून आणणार? म्हणून पाकीट टपालात फाटलं, असं सांगून नुसता कागद हेडसरांकडे दिला.

बाईंनी तो वर्गात मराठी करून वाचला. आम्ही सर्व खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी. इकडे पाऊसपाणी बरे आहे. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. वर्ग हरखून गेला. "बाई, तिकडं बी आपल्यावानीच हाय की," एक पोरगी म्हणाली.

संध्याकाळी बाईंनी मला व्हरांड्यात थांबवलं.

"सर, बारा वर्साच्या लेकरानं लहानांना आशीर्वाद धाडलाय."

मी चपलांकडे बघितलं.

"वाचतानी दोन-चार ओळी मलाबी खरंच वाटलं हो," त्या म्हणाल्या. "पण लेकरं आता जबाब लिहून राहिलीत. कुणाला लिहून राहिलीत, सर? तुम्ही सांगता का मी सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभा राहिलो आणि सवयीने आधी प्रामाणिकपणाच्या व्याख्येकडे वळलो. बाई मागच्या बाकावरून ओठ हलवत तेलुगूत मोजताना दिसल्या. मग मी सरळ सांगितलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. शेवटी तीच पोरगी उठली आणि लिहिलेलं उत्तर माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "पत्र तुमचं, तर जबाब बी तुम्हालाच." एकामागून एक सगळ्यांनी ठेवली. आत विचारलेलं, तुला भाऊ किती, तुझ्या आईला काय काम असतं, तुला एकट्याला भीती वाटती का. त्या गावात तीन वर्षं नोकरी करून मी यातलं काहीएक कुणाला विचारलं नव्हतं. सगळी उत्तरं लिहायला मला महिना लागला.

बाई मे महिन्यात निवृत्त झाल्या. निरोपाचा नारळ घेतला आणि हातात उत्तर न पडताच देगलूरच्या गाडीत बसल्या. आता वर्ग पत्र लिहितो, पत्ता मी शोधतो. दर महिन्याला बाईंचा फोन येतो. आधी माझी खुशाली, मग मुलांची, आणि शेवटी, "आलं का ओ?"

'आलं' म्हणायला माझी जीभ दर वेळी वळवळते. त्या थकल्यात, फोनवर धाप ऐकू येते.

"नाही, बाई," मी म्हणतो.

"हाव, बरं," त्या म्हणतात. "अजून एक धाडा."