न दुखणारा पाय

माझी शाळा चौथीपर्यंत. शरीराचा धडा त्यात एकच होता: डोकं, धड, हात, पाय. दात घासावेत आणि नखं कापावीत, हे धड्याच्या शेवटी. एवढ्या ज्ञानावर मी लग्न केलं, पोरं वाढवली, सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं आणि सत्तरी ओलांडली. बाकीचं शरीरशास्त्र मला म्हातारपणी शिकावं लागलं, ते धाकट्या जावेच्या पायामुळे.

जाऊ धसईकडची. चालण्यात कोणाला हार जायची नाही. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन ती शहापूरच्या बाजारात आमच्या आधी पोहोचायची आणि मग वाटेकडे बघत उभी राहायची. आम्ही किती मागे पडलोय ते सगळ्या बाजाराला दिसलं पाहिजे ना. तिला साखरेचा आजार निघाला तेव्हा तिने तो लपवला. तो बसून खाणाऱ्यांचा आजार, आपल्याला कुठून होणार, असं तिचं म्हणणं. गोळ्या मात्र गुपचूप घ्यायची. पुढे तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. पायांची अशी आग व्हायची की ऐन थंडीत ती पाय पांघरुणाबाहेर ठेवून झोपायची.

त्याच सुमारास शहापुरात एका गाळ्यात मशीनवाला आला. मशीन म्हणजे खाट. तिच्यावर उताणं झोपायचं, आत गरम गोळे फिरतात आणि पाठीच्या कण्यावरून वरखाली जातात. फुकट. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची हाडं लग्नाच्या पंगतीला कधी दुखत नाहीत, पाणी भरायच्या वेळी दुखतात. पण फुकट म्हटल्यावर ती सगळी एकदम दुखायला लागली. सकाळपासून गाळ्यासमोर चपलांचा ढीग पडायचा.

मीही एकदा जावेबरोबर गेले. आत खुंटीला प्लॅस्टिकचा हाडांचा सापळा टांगलेला. पहिले काही दिवस बायका त्याच्याकडे पाठ करून बसत होत्या म्हणे. मग सवय झाली. मी गेले तेव्हा एकीने त्याच्या हातात आपली कोथिंबिरीची पिशवी अडकवली होती.

मशीनवाला टाय लावून उभा. हातात माइक. गाळा एवढासा, साध्या आवाजातही ऐकू गेलं असतं.

"माउलींनो, शरीरात हाडं दोनशे सहा. पण मेन लाइन एकच, हा कणा. याच्यातून नसा निघतात. कणा दबला की नसा दबल्या, नसा दबल्या की ग्रंथी झोपल्या. साखर म्हणा, थायरॉइड म्हणा, सगळं त्याच्यामुळे. आपलं मशीन कणा मोकळा करतं. मग नसा जाग्या, मग ग्रंथी जाग्या. गोळ्यांची गरजच नाही!"

"ग्रंथी म्हंजे काय रे बाबा?" मी विचारलं.

"आतल्या गाठी असतात, आजी."

"मग झोपल्यात त्या बऱ्या हायेत. त्यांना कशाला उठवतोस?"

बायका हसल्या. तोही हसला आणि मला शेवटचा नंबर दिला. जाऊ हसली नाही. घरी येताना रिक्षात म्हणाली, "तुमाला चेष्टा सुचते. त्याच्याकडे सापळा हाय, उगाच हाय का?"

तिने गोळ्या बंद केल्या आणि रोज गाळ्यात जायला लागली. काही महिन्यांनी तिच्या मुंग्या खरंच थांबल्या. आगही थांबली. ती घराघरांत सांगत फिरली, माझ्याकडे तर दिवसातून दोनदा.

"जावबाय, पाय कसे हलके झालेत! जसे काय माझे नायच."

दुखणं थांबलं होतं, हे खरं होतं.

हिवाळ्यात एका सकाळी आम्ही दोघी मागच्या पडवीत होतो. चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. जाऊ चुलीपुढे बसून कोणाच्या तरी सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. मला वास आला.

"बोंबील ठेवलास का गो निखाऱ्यावर?"

"सकाळी कुठला बोंबील?" म्हणाली आणि सुनेचं पुढे चालू केलं.

मी वाकून पाहिलं. एक निखारा घरंगळून बाहेर आला होता आणि तिच्या पायाचा अंगठा त्याच्यावर होता. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. अंगठ्याखालची कातडी काळी पडली होती. तिने पाय उचलून नीट पाहिला आणि तिचं तोंड आनंदाने फुललं.

"बघा! काय दुखत नाय!"

"सरणावरच्या माणसालाही काय दुखत नाय," मी म्हणाले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

गाळ्यात मात्र तिचा सत्कार झाला. मशीनवाल्याने तिला माइक दिला, तिने निखाऱ्याची गोष्ट सांगितली, आणि भाजलेला पाय बघून बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून तिला रांग नव्हती. आली की पहिला नंबर. उभ्या जन्मात एवढा मान तिला मिळाला नव्हता, त्यामुळे पायाचं काय झालं ते बघायला तिला वेळ नव्हता. जखमेवर हळद दाबायची, फडकं गुंडाळायचं, चपलेत पाय घालायचा आणि गाळ्यात जायचं.

अंगठा सुजला. मग वास यायला लागला. तिचा मुलगा कामाला जायला पहाटे अंधारात आसनगाव स्टेशन गाठतो आणि परत येतो तेव्हा आई झोपलेली असते. रविवारी मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "काकी, ती तर खूश हाय. दुखत नाय म्हणते. जबरदस्ती कशी करू?" म्हणजे दुखत नाही म्हणून आई खूश, आई खूश म्हणून पोरगा खूश. अंगठा एकटाच सडत होता.

शेवटी मीच तिला म्हणाले, "चल दवाखान्यात."

"दुखत नाय तर काय दाखवू?"

"वास दाखव. बाजारात बायका म्हणतात, ही पिशवीत मेलेली घूस घेऊन फिरते."

असं कोणी म्हटलं नव्हतं. पण पायापेक्षा तिला बाजारातली इज्जत प्यारी, हे मला माहीत होतं. ती निमूट रिक्षात बसली.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या नातीएवढी. तिने जावेला डोळे मिटायला सांगितले. हातात जाड दोऱ्यासारखं काहीतरी होतं. "आजी, तळव्याला हे लागलं की 'हो' म्हणायचं."

जाऊ लगेच सुरू झाली. "हो... हो... हो."

डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं. दोरा हवेतच होता.

"आजी, मी अजून लावलेलाच नाही."

"लावशील त्याचं आधीच सांगून ठेवलं," जाऊ डोळे मिटूनच म्हणाली.

मग डॉक्टरणीने दोरा खरंच सगळ्या तळव्यावर टेकवला. जाऊ एकदाही हो म्हणाली नाही.

तिने आम्हाला समजेल असं सांगितलं. पोटात जठराच्या मागे एक ग्रंथी असते. तिच्यातून इन्सुलिन रक्तात येतं, त्याच्यामुळे साखर अंगी लागते. ते कमी पडलं किंवा त्याचं काम चालेनासं झालं की साखर रक्तातच साठते. वर्षानुवर्षं साठली की नसा खराब होतात, पायाच्या सगळ्यात आधी, कारण त्या सगळ्यात लांब. आधी मुंग्या येतात, आग होते. ते नसेचं ओरडणं.

"मग ओरडणं थांबलं ना?" जाऊ म्हणाली.

"थांबलं. नस मेली म्हणून."

डॉक्टरणीने अंगठ्याचा एक्स-रे काढायला लावला आणि तो फोटो उजेडावर धरला. हाडाची कड उंदराने कुरतडल्यासारखी. जखमेतले जंतू हाडापर्यंत गेले होते. अंगठा जाणार होता. जंतू वर चढले असतील तर पाऊलही. ते ठाण्याला मोठ्या दवाखान्यात उघडल्यावरच कळणार होतं.

मशीनवाल्यानेही हीच तीन नावं घेतली होती, हाड, नस, ग्रंथी. त्याने फक्त उलट्या टोकाकडून सुरुवात केली होती.

"दुखत नाय तर कापता कशाला?" जाऊ म्हणाली, पण हळू. रिक्षात तिने माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. मला ते अवघडच वाटलं. आमच्यात तशी रीत नाही.

ठाण्याला तिचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पाऊल राहिलं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "आता चप्पल कशात अडकवू?" मुलाने मागून पट्टा असलेली सँडल आणली. गोळ्या आणि सुई चालू झाली. गाळ्यातल्या बायकांनीही यातून धडा घेतला. मध्येच मशीन सोडलं म्हणून हिची बोटं गेली, असं ठरवून त्या आता एक दिवसही चुकवत नाहीत.

बाजारात जाऊ आता आमच्या मागून येते. आम्ही थांबतो. ते तिला आवडत नाही, म्हणून भाज्यांचे भाव विचारायला थांबल्यासारखं करतो.

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज कोणीतरी तळवे बघायचे, तिचं तिला कळणार नाही. मुलगा उशिरा येतो, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी ओट्यावर बसून मी तिचा पाय मांडीवर घेते. ती दुसरीकडे तोंड करून बोलत राहते, जसं काही हे कोणा दुसऱ्याचं चाललंय. परवा बोटं कापलेल्या पायाच्या टाचेत बाभळीचा काटा सापडला, सँडलच्या तळातून आरपार आलेला. सकाळपासून त्याच्यावर चालली असणार. मी उपटला. ती कोणाच्या तरी साखरपुड्याचं सांगत होती, ते सांगतच राहिली.

"काय होतं?" मग म्हणाली.

"काटा."

"केवढा?"

मी तिच्यासमोर धरला. तिने तो हातात घेतला, बोटाच्या पेराला लावून पाहिला. साखरपुड्याचं अर्धंच राहिलं. थोड्या वेळाने तिने दुसरा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"याच्यात पण बघा," ती म्हणाली.