गाढवे, केनेडी आणि रुस्ताकचं गरम पाणी

आमच्या सानिकाला एकाएकी आयरिश व्हायचं होतं, म्हणून आम्ही मस्कतहून रुस्ताकला गेलो.

झालं असं. नववीच्या बोर्डनोंदणीचा फॉर्म रविवारी शाळेत द्यायचा होता; इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी. त्यावर जे आडनाव पडेल तेच जन्मभर सर्टिफिकेटवर. आमचं आडनाव गाढवे. मस्कतच्या शाळेत आपल्याकडच्या सगळ्या मुलांना हिंदी येतं, त्यामुळे अर्थ समजावण्याचे कष्ट पडत नाहीत. तर कन्येने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, सानिका गार्व्ही.

"ऑलमोस्ट सेम आहे आई. आणि क्लासी."

ह्यांनी फॉर्म वाचला, पण रागावले नाहीत. त्याचीच मला धास्ती वाटली. म्हणाले, "ऑफिसातल्या केनेडीबाई आयर्लंडच्या. त्यांची गाडी गॅरेजात आहे आणि त्यांना रुस्ताक बघायचंय. शुक्रवारी नेऊ. गार्व्ही म्हणजे काय ते त्यांनाच विचार."

अल मवालेहच्या आमच्या घरून सकाळी सहाला, देवापुढे दिवा लावून निघालो. दीड तासाचा गुळगुळीत रस्ता. जाणाऱ्यांनी डबा घरूनच न्यावा. माझा शुक्रवार, म्हणून साबुदाण्याची खिचडी होती. बाईंनी ती तीनदा घेतल्यामुळे माझा उपास जास्तच कडक झाला.

माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, सानिकाचं मराठी त्याहून थोडं कमी. तीच दुभाषी. बाई सांगत होत्या: स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी. कॅम्पबेल म्हणजे वाकडं तोंड. कॅमेरॉन, वाकडं नाक. एवढ्या रुबाबदार नावांत एक अवयव सरळ नाही!

"आणि केनेडी?" मी विचारलं.

"आई, ते... अगली हेड. म्हणजे घाण डोकं."

"कुरूप म्हण गं, पाहुण्या आहेत."

काही जण शिरस्त्राण घातलेलं डोकं असाही अर्थ लावतात म्हणे. ते बहुधा केनेडीच असावेत.

किल्ला आम्ही बाहेरून पाहिला. तो बाहेरूनही तेवढाच मोठा दिसतो. बाजार करायचा तर अकराच्या आत करा, मग नमाजासाठी दुकानं बंद होतात. नंतर गरम पाण्याच्या झऱ्यावर पाय सोडून बसलो. तिथे सानिकाने एकदाचं गार्व्ही विचारलं.

"खडबडीत शांतता," बाई म्हणाल्या. "कुण्या पूर्वजाचं नाव."

"म्हणजे आपल्याच घरातली," मी म्हटलं.

"आणि तुमचं?"

सानिका पाण्याकडे बघत राहिली. दुभाषी संपावर. मग हेच बोलले, इंग्रजीत, सावकाश. कोकणातून घाटावर मीठ जायचं ते आमच्या लोकांच्या गाढवांवरून. घाटावरची आमटी आम्ही खारट केली.

अठरा वर्षांच्या संसारात हे मला पहिल्यांदाच कळत होतं. मी समजत होते, नाव स्वभावावरून पडलं असेल.

"आणि शीतलादेवीचं वाहन आहे म्हणावं," मी सांगितलं. सानिकाने ते 'देवीची गाडी' असं पोचवलं.

"भाग्यवान देवी," बाई म्हणाल्या. मग सानिकाकडे वळल्या. "बघ पोरी, तुमच्या माणसांना लोकांनी कामावरून नाव दिलं. आमच्यांना तोंड बघून."

सानिका इतकी हसली की चप्पल झऱ्यात गेली. हे पँट वर करून तिच्यामागे धावले.

शनिवारी घरी तिने पेन्सिल खोडली आणि शाईने लिहिलं, गाढवे. मी देवाला साखर ठेवली, पण तिला काही बोलले नाही. बोललं की मुली उलट करतात.

रुस्ताकहून काय आणलं विचाराल, तर पिशवीतून काहीच नाही. रविवारी शाळेतून आल्यावर मात्र सानिका म्हणाली, "एका मुलाने परत गधा म्हटलं. मी विचारलं, तुझ्या सरनेमचा अर्थ काय? त्याला माहीतच नव्हता, आई. बिचारा घरी विचारून सांगणारे."